दोन पाण्यांच्या मध्ये

हिंगणीच्या सुजाताच्या लग्नाचे चारही रोल मी बिघडवले. फिल्म जुनी नव्हती, कॅमेऱ्यात दोष नव्हता, ऊन नडलं नव्हतं, आणि तिचा रंग तर मुळीच नडला नव्हता. माझ्या हातानं बिघडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या मास्तरांनाही नाही. मास्तर तर आता राहिलेही नाहीत. तीस वर्षं हे पोटात ठेवून मी सेलूच्या बाजारातून ताठ मानेनं फिरलो आणि लोक मला कमी बोलणारा, सभ्य माणूस म्हणत आले. कमी बोलणाऱ्याला आपल्याकडे फार लवकर सभ्य ठरवतात. तो गप्प का आहे, हे कुणी विचारत नाही.

चैत्र लागला की हे वर येतं. माळ्यावरून कूलर उतरतो, त्याच्या गवताच्या जुन्या ताट्या काढताना वर्षभराची धूळ डोक्यावर पडते, नव्या ताट्यांवर पहिलं पाणी सुटलं की ओल्या गवताचा वास घरभर होतो. लोकांना त्या वासानं बरं वाटतं. माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "तुमाले उन्हाळा सोसत नाई आता. वय झालं." मी हो म्हणतो. उन्हाळा मला चांगला सोसतो. एकच उन्हाळा सोसत नाही, आणि तो दरवर्षी येतो.

यंदा त्यात नागपूरच्या पोरांची भर पडली. दोन-तीन वर्षांपासून काही तरुण मंडळी आजोबांचे जुने कॅमेरे गळ्यात घालून फिरतात आणि कृष्णधवल रोल धुवायला माझ्याकडे आणतात. माझं दुकान आता झेरॉक्स, आधारकार्डाचं लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो यांवर चालतं, पण मागच्या खोलीत दोन तपकिरी बाटल्या अजून आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलं, सेलूला एक काका दोन पाण्यात रोल धुतात. झालं. "काका, शॅडोज काय सुंदर येतात तुमच्याकडे!" असं परवा एकजण म्हणाला. त्याच्या बोलण्यात शॅडो म्हणजे पिंपळाखालचा अंधार, जुन्या खिडकीचा कोपरा, मांजर. माझ्या लेखी शॅडो म्हणजे माणसाचा चेहरा. भर उन्हात पांढरे कपडे घालून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा. त्याला हे बोललो असतो तर बाकीचंही बोलावं लागलं असतं, म्हणून मी म्हणालो, "शनिवारी न्या."

आमच्या धंद्यात रोल डेव्हलप करत नाहीत, धुतात. हा शब्द कुणी रूढ केला देव जाणे, पण त्यानं माझा घात केला. धुणं म्हटलं की हात पाण्याकडे जातो. आणि दोन पाण्यांच्या पद्धतीत सगळ्यात मोठा गुन्हा तोच.

पद्धत साधी आहे. मास्तरांचा वर्ध्याला स्टुडिओ होता, तिथं मी चार वर्षं ती रोज पाहिली आणि मग सेलूला येऊन स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्या पाण्यात फोटो उमटवणारं औषध असतं, पण ते झोपलेलं असतं. दुसऱ्या पाण्यात नुसता टाकणखार. फिल्म पहिल्या पाण्यात औषध पिऊन घेते आणि दुसऱ्या पाण्यात गेली की ते जागं होतं. जिथं उजेड भरपूर पडलेला असतो, म्हणजे पांढरी साडी, पांढरी भिंत, तिथलं औषध भराभर काम करून संपून जातं. म्हणून साडी जळत नाही, तिची घडी दिसते. जिथं उजेड कमी पडलेला असतो तिथं औषध शिल्लक राहतं आणि हळूहळू काम करत राहतं. म्हणून चेहरा येतो. शिवाय या पद्धतीला उन्हाळ्याची भीती नाही. एका पाण्याच्या औषधाला थंडावा लागतो. आमच्या वैशाखात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा बर्फाची लादी भुशात गुंडाळून आणावी लागे आणि ती येईपर्यंत निम्मी झालेली असे. दोन पाण्यांना बर्फ नको, घड्याळ नको. टाकणखार वर्ध्याच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचा. डाग द्यायला सोनारही तोच वापरतात, म्हणून दुकानदार दरवेळी विचारायचा, "सोनार हा का?"

मास्तरांचे नियम दोनच. पहिला: पहिल्या पाण्यातून काढलेली फिल्म तशीच, निथळून, दुसऱ्यात घालायची. मध्ये साधं पाणी लागता कामा नये. फिल्मनं प्यायलेलं औषध वाहून गेलं की दुसऱ्या पाण्यात जागं व्हायला काही उरतच नाही. दुसरा नियम: दुसऱ्या पाण्याचा थेंबही पहिल्यात जाऊ द्यायचा नाही. पहिलं पाणी जपून पुन्हा पुन्हा वापरायचं असतं; त्याला टाकणखार लागला की ते बाटलीतच काम सुरू करतं आणि मरतं. मास्तर म्हणायचे, "बाटलं ते. फेका." मीही तोच शब्द उचलला. पाणी बाटलं. रोज तोंडात असायचा. त्या शब्दाला काही अर्थ आहे हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं हे आता मला नीट कळतं. मी जातीनं कोण हे इथं लिहीत नाही. आमच्या भागात ते आडनावावरून सगळ्यांना कळतं, तेव्हाही कळत होतं.

सुजाताचं लग्न हिंगणीच्या विहारात होतं. तिचे वडील दयाराम बोर धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. लग्नासाठी विहाराला त्यांनी स्वतः शिडीवर चढून चुना दिला होता. मी गेलो तेव्हाही त्यांच्या नखांत तो होता. भर दुपार. पांढरं विहार, अंगणात पांढरा मांडव, नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात, बाया-माणसं पांढऱ्यात, आणि त्या सगळ्या पांढऱ्यावर वरून कोसळणारं ऊन. जंगलाकडून मोहाच्या उग्र वासाचा एखादा झोत यायचा आणि थांबायचा. दयाराम मला म्हणाले, "भाऊ, फोटो असा काढजा का मले नातवाले दाखवता आला पाह्यजे. हे तुही माय, म्हणून."

लग्न लागायला वेळ होता. सुजाता विहाराच्या पायरीवर मैत्रिणींत बसली होती. बारावी झालेली, गावच्या बालवाडीत शिकवणारी. मी कॅमेऱ्यात रोल भरत होतो तर तिनंच बोलावलं.

"भाऊ, एक सांगा. माह्या चुलतबहिणीच्या लग्नात फोटोत नुसत्या साड्याच आल्या. जशा दोरीवर वाळू घातल्या. आमचे थोबाडं दिसतीन ना?"

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मला माझ्या कामाचा माज होता. म्हणालो, "दिसतीन ना ताई. माही धुवायची पद्धत येगळी हाय. दोन पाण्याची."

"दोन पाणी म्हंजे?"

मी सांगितलं. नवऱ्या मुली ऐकून घेतात आणि मान डोलावतात. ही ऐकत होती. मधेच थांबवून विचारत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे जिथं उजेड लय, तिथलं औषध लवकर संपते. आन् जिथं अंधार हाय, तिथं ते काम करतच राह्यते?"

"हो."

"बाप्पा! मंग हे तं आमच्यासाठीच काढलेलं दिसते."

पुन्हा हशा. मीही हसलो. आणि मग, हुशारी दाखवायची हौस कुठं संपते म्हणून, मी पुढं सांगायला गेलो की हे नाजूक काम आहे, दुसऱ्या पाण्याचा थेंब जरी पहिल्यात पडला तरी पहिलं पाणी बाटते, फेकून द्या लागते.

ती हसायची थांबली. "बाटते?"

मी कॅमेऱ्याचं झाकण लावायला घेतलं.

"औषधाले पन जात राह्यते का, भाऊ?"

मैत्रिणी अशा खळखळून हसल्या की मांडवातली माणसं वळून पाहायला लागली. सुजाता हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. एखाद्या पोराला फळ्यावरची चूक दाखवून मास्तरीण थांबते ना, तशी थांबली होती. मी म्हणालो, "आमच्या धंद्यातला शब्द हाय तो."

"मंग धंद्यात कोनी आनला?"

"पोरी, फोटो काढू दे त्याईले," दयाराम म्हणाले आणि माझी सुटका केली. तिथं माझी सुटका व्हायला नको होती. त्या दिवशी त्या पायरीवर मला घाम फुटेपर्यंत तिनं प्रश्न विचारायला हवे होते.

त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, मी चार रोल काढले. काम चांगलं झालं होतं, हे मी आजही सांगतो. वरून पडणाऱ्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात म्हणून मी लोकांना चुन्याच्या भिंतीसमोर तोंड करून उभं केलं. भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यांवर अलगद पसरला होता. सुजाताचा एक फोटो मला अजून दिसतो. हार सारखा करताना तिनं वर पाहिलं, गालावर भिंतीचा उजेड, नाकातल्या चमकीचा एक ठिपका. तो फोटो जगात कुठंही नाही. फक्त मला दिसतो. आणि याचाही मला राग येतो, की तो माझ्याकडेच उरला.

सेलूला त्या उन्हाळ्यात नळ तिसऱ्या दिवशी यायचा, तोही कधी येईल याचा नेम नसे. "नळ आला, नळ आला" अशी गल्लीतून आरोळी उठली की माणसं जेवणावरून उठायची. माझ्या दुकानामागे मोरी होती. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी चारही रोल, आत उजेड न शिरणाऱ्या, एकाच मोठ्या टाकीत घातले. मास्तर एका लग्नाचे रोल कधी एकत्र धूत नसत. मला घाई होती. घाईचं कारणही काही नव्हतं. पहिलं पाणी घातलं. टाकी हलवत उभा होतो. चार मिनिटं होत आली आणि मोरीतला नळ खोकला. आधी हवा, मग गढूळ पिचकारी, मग धार. गल्लीत आरोळी. मी टाकी घेऊन मोरीत धावलो, एका हातानं पाइप ड्रममध्ये सोडला, दुसऱ्या हातानं पहिलं पाणी बाटलीत परत ओतलं. आणि मग ती टाकी मी नळाखाली धरली.

का धरली? या एका प्रश्नाला मी तीस वर्षं घासतो आहे. कारण पाणी आलं होतं. तीन दिवसांनी पाणी आलं की आमच्याकडे हात ऐकत नाही. जे दिसेल ते माणूस धारेखाली धरतो, भांडं, पाय, पोरगं. कारण आमच्या भाषेत रोल धुतात. टाकी भरली, मी ती खळखळून हलवली, ओतली, पुन्हा भरली. गार पाणी मनगटावरून वाहत होतं आणि मला बरं वाटत होतं. दुसरं पाणी हातात घेतलं तेव्हा कळलं.

तरीही घातलं. काहीतरी उरलं असेल, म्हणून.

टाकीतून ओला रोल काढला की आधी तो उजेडासमोर धरतात. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं, साड्या काळ्या दिसतात. साड्या थोड्या आल्या होत्या; जिथं उजेड भरपूर होता तिथं पहिल्या पाण्यातच औषध जरासं जागं झालं होतं. मांडव आला होता. चेहऱ्यांच्या जागी काही नव्हतं. काचेसारखी स्वच्छ फिल्म. सुजाताचा तो वर पाहतानाचा फोटो मी बोटांत धरला आणि तिच्या चेहऱ्यातून मला पलीकडची माझीच बोटं दिसली.

तेव्हा मला काय करता आलं असतं? सगळं. स्कूटरला किक मारून तासाभरात हिंगणीला पोचलो असतो. दयारामांना म्हणालो असतो, माझ्या हातून चूक झाली, पुन्हा सगळ्यांना पांढरे कपडे घालून उभं करा, मी पुन्हा काढतो. ते चिडले असते. सुजातानं टोमणा मारला असता. आणि त्यांनी कपडे घातले असते, चुना तसाच होता, ऊन तसंच होतं. मी गेलो नाही. नळाखाली टाकी धरली हे कुण्या पोरालाही सांगायची लाज वाटावी अशी चूक होती, आणि ज्या बाईनं मला माझाच शब्द परत वाचून दाखवला होता तिच्यासमोर जाऊन ती कबूल करायची होती. दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर कदाचित गेलो असतो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

मी कडक, म्हणजे काळं-पांढरं ठळक करणाऱ्या, कागदावर प्रिंट काढल्या. साड्या आल्या. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्यांच्यावर हार, आणि वर काळे डाग.

आठवड्यानं सुजाता सासरी जामला जाता जाता दुकानात आली. बरोबर सासू आणि नणंद. मी पाकीट पुढं केलं. सासूनं फोटो काढला, लांब धरला, जवळ धरला.

"हे काय व बाई! माणसं कुठी गेले?"

नणंद हसून लवली. "वहिनी, दादानं तं साडीलेच हार घातला!"

सुजातानं एकेक करून सगळे फोटो पाहिले. घाई न करता. मग मला म्हणाली, "भाऊ, तुमी तं दोन पाण्याचं म्हनत होते. जिथं उजेड कमी, तिथं औषध काम करत राह्यते म्हनत होते. मंग साड्या काऊन आल्या आन् चेहरेच काऊन नाई आले?"

एवढा नेमका प्रश्न मला मास्तरांनीही कधी विचारला नव्हता. आणखी एक पाऊल, आणि ती मोरीतल्या नळापाशी पोचली असती. मला ते पाऊल थांबवायचं होतं. मी हसलो. हो, हसलो, आणि तिच्या सासूकडे पाहून म्हणालो:

"ताई, दोन काय, चार पाण्यातून काढलं तरी रंग तो रंगच. तुमचा रंग फोटोत बसत नाई, त्याले मी काय करू?"

सासूला तेवढंच हवं होतं. "मी म्हनतच होती पोराले, पोरगी अंधारात दिसत नाई म्हनून. आता तं उजेडातबी दिसत नाई!"

नणंदेनं तोंडाला पदर लावला. स्वतः सासू, नणंद, नवरदेव, कुणाचाच चेहरा त्या फोटोंत नव्हता. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण मी बोट एकीकडेच दाखवलं होतं. मी रंग म्हणालो, पण औषधालाही जात असते का, या विहाराच्या पायरीवरच्या प्रश्नाचं उत्तरच मी दिलं होतं, आणि तिला ते तसंच ऐकू गेलं. तिनं फोटोंचे कोपरे सारखे केले, पाकिटात घातले आणि म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. बरं.

त्यानंतर मी दुकान बंद केलं नाही, धंदा सोडला नाही, आजारी पडलो नाही. जोरात चाललो. ज्या धंद्यात मी होतो त्यात माझं वाक्य कुणाला खटकलंही नसतं. मुलीचा फोटो दाखवायला न्यायचा असला की बाप काउंटरवर वाकून हळूच म्हणायचा, "भाऊ, जरा उजळ करून द्या." मी शिसपेन्सिलीला टोक काढून निगेटिव्हवर गाल भरत बसायचो. किती गाल भरले असतील! एकाही बापाला म्हणालो नाही की पोरीला काय झालंय, आहे तशी दे. फिल्मच्या खोक्यात, कोणत्या उन्हात किती उजेड घ्यायचा हे सांगणारा कागद यायचा. तो कुठल्या देशाच्या उन्हासाठी आणि कुणाच्या चेहऱ्यासाठी लिहिला होता हे आम्ही कुणी विचारलं नाही. काळा चेहरा काळा आला की आम्ही चेहऱ्याला दोष दिला. आमच्या हातात औषध होतं. आमच्याकडे टाकणखार होता! मास्तर जन्मभर त्याच दोन बाटल्यांतून शेतमजुरांचे, कालव्यावरच्या माणसांचे चेहरे काढत आले, आणि तेही पाणी बाटलं म्हणत राहिले. मला त्यांचाही राग येतो. ज्यांनी मला सगळं दिलं त्यांचा राग येणं वाईट असतं म्हणतात. येतो मला.

आता तर कुणी काउंटरवर वाकतही नाही. फोनच न विचारता गाल पांढरे करतो. पोरं स्वतःचे फोटो घेऊन येतात, त्यांत ती पोरं नसतात. पूर्वी हे पाप करायला निदान दोन तास पेन्सिल घेऊन बसावं लागायचं.

पंधरा दिवसांपूर्वी एक मुलगी दुकानात आली. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, पाणी मागितलं, स्टुलावर बसली. वनरक्षक भरतीचा अर्ज भरायचा होता, फोटो हवा होता. मामाकडे हिंगणीला राहून रोज पहाटे धावायचा सराव करते म्हणाली. मी फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"काका, थोडा उजळ करजा ना. आमच्या घरचा रंग फोटोत बसत नाई."

मी माउस सोडून तिच्याकडे वळलो. "कोन म्हनते?"

"आई म्हनते. तिच्या लग्नाचे फोटो चार पाण्यातून काढले म्हने फोटोवाल्यानं, तरी नाई आली ते. आमच्या घरी कोनाचा फोटो बिघडला का आमी म्हनतो, काढा याले चार पाण्यातून!" ती मोकळी हसली. मग सांगत सुटली. आई फोटो काढूच देत नाही. अंगणवाडीत बायांचा ग्रुप फोटो असला की ही पोरांना खिचडी वाढायला उठते. "माह्या बारावीच्या सत्काराले सगळ्याइच्या आया स्टेजवर गेल्या. हे मागं खांबाआड. मी हाका मारून राह्यली, ये ना व आई, ये ना. नाई आली. आज्या तं शेवटपर्यंत म्हने, माह्याजवळ पोरीचा एक फोटो नाई."

आज्या म्हणजे दयाराम. शेवटपर्यंत, म्हणाली ती.

"कुठला होता तो फोटोवाला?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"इथलाच म्हने, सेलूचा. मेला असन आता."

"असन," मी म्हणालो.

अर्जावर आईच्या नावाचा रकाना असतो. तिनं तो भरला, मी वाचला. फोटो उजळ केला नाही. "सरकारी फॉर्मले चेहरा हाय तसाच लागते," असं सांगितलं. बघा, तिथंही मी नियमाआड लपलो. तो चेहरा आहे तसा सुंदर आहे, तुझ्या आईचा होता तसाच आहे, एवढं म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं?

म्हणजे माझं वाक्य जगलं. मी जे तोंड बंद करायला फेकलं ते एका घराची म्हण होऊन बसलं, थट्टेत मुरलं, पुढच्या पिढीनं ते हसत हसत उचललं. ज्या बाईला एका दुपारी ऐकून माझं सगळं औषध कळलं, ती तीस वर्षं खांबाआड उभी राहते. चिडून कुणाला बोलू? सासूला? ती हसली, पण तिच्या हातात हसायला फोटो मीच दिले.

गेल्या गुरुवारी मी जामला गेलो. चौकात उतरलो, पानठेल्यावर अंगणवाडीवाल्या सुजाताताईंचं घर विचारलं. त्यानं हात करून दाखवलं, "ते निळं गेट. घरीच असन, सुट्ट्या लागल्या ना." निळं गेट तिथून दिसत होतं. मी उसाचा रस प्यायलो. ट्रक जात होते. ऊन फार आहे, दुपारची वेळ आहे, बाईमाणूस निजली असेल, असं मनाशी म्हणालो आणि समोर आलेल्या बसमध्ये चढलो. पन्नाशी उलटलेला माणूस, निळ्या गेटाला भिऊन पळाला.

मग घरी येऊन हे लिहायला बसलो. लिहिताना वाटत होतं की चला, सांगतो आहे. हे सांगणं नव्हे. वाचणारे अनोळखी आहेत, ते फार तर मान हलवतील, एखादा म्हणेल किती प्रामाणिक माणूस आहे. मला ते नको आहे. हे ज्यात छापून येईल तो अंक सुजाताच्या घरी जात नाही, आणि गेला तरी छापलेल्या कागदानं माझं काम होणार नाही. मी ते तोंडानं केलं होतं.

सासू अजून आहे, मुलगी म्हणाली होती. नणंद जवळच दिलेली आहे. त्या दोघींसमोर आणि त्या मुलीसमोर सुजाताला मी एवढं सांगायचं देणं लागतो: ताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. तुम्हाला औषध नीट कळलं होतं. चूक माझ्या हाताची होती, आणि ती लपवायला मी तुमच्या रंगावर खोटं बोललो.

अजून सांगितलेलं नाही.